जन्मभराच्या मैत्रिणींच्या चार कादंबऱ्या: आधी कोणती उघडावी?

बायकांच्या आयुष्यभराच्या मैत्रीवरची, हसवणारी आणि मायेची इंग्रजी कादंबरी हवी, असं कुणी म्हटलं की चार नावं हमखास पुढे येतात. एडवर्ड केल्सी मूर यांची ‘द सुप्रीम्स ॲट अर्ल्स ऑल-यू-कॅन-ईट’ (२०१३), फॅनी फ्लॅग यांची ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे’ (१९८७), रिबेका वेल्स यांची ‘डिव्हाइन सीक्रेट्स ऑफ द या-या सिस्टरहूड’ (१९९६) आणि लॉर्ना लँडविक यांची ‘अँग्री हाउसवाइव्ज ईटिंग बॉन बॉन्स’ (२००३). नुसता मलपृष्ठावरचा मजकूर वाचला तर एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. अमेरिकेतलं लहानसं गाव किंवा गल्ली, वर्षानुवर्षांच्या मैत्रिणी, नवरे, मुलं, आजारपणं, भरपूर खाणंपिणं आणि डोळ्यांत पाणी आणणारं हसू.

वाचायला घेतल्यावर मात्र या चौघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही. एक मनापासून हसवते, एक हसवता हसवता खुनाच्या तपासापर्यंत नेते, एक हसवून झाल्यावर कानाखाली वाजवते आणि एक निवांत गप्पा मारते. त्यामुळे ‘चारांतली कोणतीही घ्या, छानच आहे’ हा सल्ला काही कामाचा नाही.

निवडताना कथानकाकडे फार बघू नये असं माझं मत आहे. कथानकं सगळीकडे साधारण तीच: कुणाचा नवरा बाहेरख्याली, कुणाला दुर्धर आजार, कुणाला दारू लागलेली, कुणाचं मूल गेलेलं. बघायचं ते हे, की ही मैत्री आपल्याला सांगतंय कोण. मैत्रिणींपैकीच एकजण सांगत असेल तर वाचणाऱ्याला त्यांच्या टेबलाशी खुर्ची मिळते. कुणी म्हातारी जुन्या आठवणी सांगत असेल तर आपण श्रोते होतो, आणि तिनं काय गाळलं असेल याचाही विचार करू लागतो. एखादीची लेक सांगत असेल, तर मैत्रिणींचा सगळा जल्लोष आपल्याला बंद दाराआडून ऐकू येतो. विनोदाची जात आणि दुःखाचा भार या एका गोष्टीवर ठरतो.

ओडेटचा आवाज

‘सुप्रीम्स’ घडते इंडियाना राज्यातल्या प्लेनव्ह्यू या काल्पनिक गावात. ओडेट, क्लॅरिस आणि बार्बरा जीन या तीन कृष्णवर्णीय मैत्रिणी. शाळेच्या वयात त्यांना ‘सुप्रीम्स’ हे टोपणनाव पडलं, ते डेट्रॉइटच्या त्या काळच्या प्रचंड लोकप्रिय गायिकात्रयीवरून. गंमत अशी की डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड यांची खरी त्रयी १९६७ मध्येच फुटली, बॅलर्डला बाहेर पडावं लागलं. प्लेनव्ह्यूच्या सुप्रीम्स मात्र पन्नाशी उलटून गेली तरी दर रविवारी चर्च आटोपून अर्लच्या खानावळीत खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसतात. गावाच्या मुख्य भागातला कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचा पहिला धंदा म्हणजे ही खानावळ. मालक बिग अर्ल यांच्या मृत्यूनं कादंबरी सुरू होते आणि तिघींचं जवळपास वर्षभराचं आयुष्य, मधेमधे त्यांच्या तरुणपणात डोकावत, पुढे सरकतं.

तिघींच्या वाट्याला आलेलं थोडक्यात सांगते, पुढचं वाचणाऱ्यांसाठी ठेवून. ओडेटला कर्करोग झाल्याचं कळतं. क्लॅरिस उत्तम पियानो वाजवणारी, पण संसाराच्या नादात तो मागे पडलेला; तिचा नवरा रिचमंड एके काळचा फुटबॉलचा हिरो आणि आजन्म बाहेरख्याली. बार्बरा जीन तिघींत सगळ्यात देखणी आणि सगळ्यात पोळलेली. मुलगा लहानपणीच गेलेला, आता नवराही जातो, आणि ती दारूत बुडत जाते. शिवाय तरुणपणी तिचा जीव जडला होता तो चिक नावाच्या गोऱ्या मुलावर.

एवढं सगळं वाचून ही हसवणारी कादंबरी कशी, असं वाटणं साहजिक आहे. ती हसवते ओडेटमुळे. ओडेटचे भाग तिच्या स्वतःच्या तोंडून येतात, बाकी दोघींचे तृतीयपुरुषी. ओडेटचा जन्म झाडावर झालेला. दिवस उलटून गेले तरी बाळंतपण होईना, तेव्हा तिची आई जाणत्या बाईच्या सल्ल्यावरून सिकॅमोरच्या झाडावर चढून बसली होती. जमिनीला न टेकता जन्मलेलं मूल कशाला भीत नाही अशी तिथली समजूत, आणि ओडेट ती शब्दशः खरी करून दाखवते. तिला भुतं दिसतात. पहिलं भूत तिच्या आईचं, डोराचं, जी मेल्यावरही मजेत गांजा ओढते आणि लेकीला फुकटचे सल्ले देते. आईसोबत कधीकधी येतात एलिनॉर रूझवेल्ट, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, आणि त्यांना पिण्याचा भलताच नाद लागलेला असतो.

हे कागदावर वाचताना चावट कल्पना वाटते. पुस्तकात ती चालून जाते, कारण ओडेट हे सगळं ‘आज दूध नासलं’ इतक्या सहजपणे सांगते. आजारपण, उपचार, अशक्तपणा याबद्दलही ती त्याच आवाजात बोलते, आणि म्हणून ते वाचणं जड जात नाही. हसू आणि दुःख इथे आलटून पालटून येत नाहीत, एकाच वाक्यात असतात. चारही पुस्तकांत हे फक्त इथे साधलंय.

उणीवही सांगायला हवी. योगायोग जरा जास्त आहेत आणि शेवटी बऱ्याच गाठी फार सोयीनं सुटतात. दुय्यम पात्रांतली काही केवळ हशा पिकवायला आणलेली: शार्लमेन नावाच्या अदृश्य मार्गदर्शकाच्या मदतीनं भविष्य सांगणारी मिनी, किंवा मुलीच्या लग्नाचा तमाशा मांडणारी क्लॅरिसची चुलतबहीण व्हेरॉनिका. त्यांचे प्रसंग रंगतात, पण ती माणसं म्हणून लक्षात राहत नाहीत.

बार्बरा जीन आणि चिकचं प्रकरण मात्र उथळ नाही. इंडियानानं आंतरवर्णीय विवाहावरची बंदी उठवली ती १९६५ मध्ये, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे कायदे रद्द ठरवले ते १९६७ मध्ये. म्हणजे या दोघांच्या तरुणपणी कायदा नुकता बाजूला झालेला आणि गाव होतं तिथेच. मूर हे व्याख्यान देऊन सांगत नाहीत. कोण कुणाबरोबर रस्त्यानं चालू शकतं आणि कुणाला कुठून मार पडू शकतो, यातून ते कळत जातं. मूर मूळचे चेलोवादक, आणि ही त्यांची पहिली कादंबरी. पुरुषानं बायकांची मैत्री लिहावी का, ही शंका मनात असेल तर ओडेटची पहिली काही पानं वाचून पाहा. मला तरी त्यानंतर ती शंका उरली नाही.

व्हिसल स्टॉपची गोष्ट सांगणारी म्हातारी

‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ या चौघींत सगळ्यात प्रसिद्ध. अलाबामातल्या वृद्धाश्रमात, १९८५ च्या अखेरीस, एव्हलिन काउच नवऱ्याबरोबर सासूला भेटायला येते. सासूला ही नकोशी, म्हणून ती बाहेर जाऊन बसते. तिथे ८६ वर्षांची निनी थ्रेडगूड तिला गाठते आणि बोलत सुटते. ती सांगते रेल्वेमार्गाजवळच्या व्हिसल स्टॉप नावाच्या वस्तीची, आणि १९२९ मध्ये तिथे कॅफे काढणाऱ्या इजी आणि रूथची गोष्ट. मग एव्हलिन दर आठवड्याला गोष्ट ऐकायलाच येऊ लागते.

इथे आधीच सांगून ठेवते, कारण यावरून निवड बदलू शकते: काटेकोरपणे पाहिलं तर ही आयुष्यभराच्या मैत्रीची कादंबरी नाहीच. एव्हलिन आणि निनीची मैत्री उतारवयात जुळलेली आणि थोड्या काळाची. इजी आणि रूथचं नातं दीर्घ आहे, पण ती मैत्रीच्या पलीकडची प्रीती आहे, आणि पुस्तकात इजीच्या घरच्यांनाही ते ठाऊक आहे, मान्य आहे. १९९१ च्या चित्रपटानं ते बरंच धूसर केलं. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिलाय त्यांच्या डोक्यात म्हणून दुसरंच काहीतरी असतं. निनी म्हणजेच इजी की काय, असा संशय चित्रपट शेवटी पेरून जातो. पुस्तकातली निनी इजीच्या भावाची बायको आहे, विषय संपला.

विनोद इथे तीन ठिकाणांहून येतो. पहिला डॉट वीम्सच्या गावपत्रकातून. ही बाई व्हिसल स्टॉपचं टपाल कार्यालय सांभाळते आणि गावातल्या घडामोडींचं साप्ताहिक पत्रक काढते: कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाच्या घरी काय शिजलं, आणि आपला नवरा विल्बर किती वैताग आणतो. पानभराचे हे तुकडे पुस्तकभर विखुरलेत आणि मला विचाराल तर तेच या कादंबरीचं खरं धन. दुसरा इजीच्या थापांमधून. तळ्यावर बदकं उतरली, इतक्यात पाणी गोठलं, आणि बदकं उडाली ती तळं घेऊनच जॉर्जियात गेली, अशा जातीच्या. तिसरा एव्हलिनच्या संतापातून. आयुष्यभर सगळ्यांशी गोड वागून काहीच हाती न लागलेली ही अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मनातल्या मनात ‘टोवांडा’ नावाची सूड घेणारी वीरांगना उभी करते आणि जगातल्या झाडून साऱ्या उद्धट माणसांना धडा शिकवते. रजोनिवृत्तीच्या काळातला राग इतक्या मजेनं आणि इतक्या गंभीरपणे लिहिलेला त्याआधी क्वचितच वाचायला मिळाला असेल.

अडचण वेगळीच आहे. प्रकरणं तारखांच्या मथळ्यांखाली मागेपुढे उड्या मारतात: १९८६, मग १९३०, मग १९४०, पुन्हा १९८६. मथळा न वाचता पुढे गेलात तर दोन पानांनी हरवाल. रात्री झोपताना पाच-पाच पानं वाचणाऱ्यांना हे जड जातं; दोन-तीन मोठ्या बैठकांत वाचलं तर मजा येते.

दुसरी गोष्ट वंशभेदाची. मंदीच्या काळातलं, अमेरिकेच्या दक्षिण भागातलं गाव म्हटल्यावर तो येणारच. कॅफेच्या मागच्या दारानं कृष्णवर्णीयांना जेवण दिलं म्हणून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या धमक्या येतात, पात्रांच्या तोंडी त्या काळच्या वर्णवाचक शिव्या जशाच्या तशा आहेत. फ्लॅग यांची सहानुभूती कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. तरीही सिप्सी आणि बिग जॉर्ज ही कॅफेत राबणारी कृष्णवर्णीय माणसं बऱ्याचदा गोऱ्या कुटुंबावरच्या निष्ठेसाठीच जगतात असं वाटतं. ‘सुप्रीम्स’ नंतर लगेच हे वाचलं तर ही गोष्ट फार बोचते. एकाच समाजाचं आतून आणि बाहेरून केलेलं चित्रण यातला फरक लख्ख दिसतो.

आणि हो, खून आहे. रूथचा मारकुटा नवरा फ्रँक बेनेट नाहीसा होतो, आणि त्याचं काय झालं याचं उत्तर विनोदी म्हणावं की भीषण, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. पुस्तकाच्या शेवटी कॅफेतल्या पाककृती दिल्यात. त्या वाचताना काहींना हसू आवरत नाही, काहींची भूक मरते.

या दोघींतच निवडायचं तर

बहुतेकांची खरी अडचण इथेच असते, कारण या दोन्हींची नावं सर्वांत जास्त ऐकलेली असतात. मैत्री हवी असेल, म्हणजे तिघी एका टेबलाशी बसून एकमेकींना चाळीस वर्षं ओळखत असल्याचा तो विशिष्ट आराम हवा असेल, तर ‘सुप्रीम्स’. एखादी काय लपवतेय हे बाकीच्या दोघींना कळलेलं असतं, कळल्याचं त्या दाखवत नाहीत, आणि वेळ आली की न विचारता दारात उभ्या राहतात. हे बारकावे व्हिसल स्टॉपमध्ये सापडणार नाहीत. तिथे इजी आणि रूथच्या मनात आपण कधी शिरतच नाही. त्या दंतकथेतल्या बायकांसारख्या दुरून दिसतात, कारण सांगणारी दुसरी आहे.

गोष्टीचीच भूक असेल, म्हणजे गाव, रेल्वे, भटके, दरोडेखोरी, कोर्टकचेरी, रहस्य, तर ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ला तोड नाही. भाषेच्या दृष्टीनं पाहिलं तर ‘सुप्रीम्स’ सोपी आणि थोडी आटोपशीर. फ्लॅग यांच्या कादंबरीत दक्षिणेच्या बोलीतले संवाद खूप आहेत. इंग्रजी वाचनाची फार सवय नसेल तर सुरुवातीला अडखळायला होतं. निनीच्या बोलण्याचा सूर एकदा कानात बसला की मग त्रास होत नाही.

कुणी एकच सांग म्हणालं तर मी ‘सुप्रीम्स’ म्हणेन. चारांत ती सगळ्यात थोर कलाकृती आहे असं मात्र नाही. मागणी होती मायेची, हसरी, जन्मभराच्या मैत्रीची; आणि तिन्ही अटी पुऱ्या करणारी ती एकटीच.

लेकीच्या नजरेतून या-या

‘या-या सिस्टरहूड’ बद्दल लोक दोन टोकांचं बोलतात, आणि दोघंही बरोबर असतात. लुइझियानातल्या व्हिव्ही, टीन्सी, नेसी आणि कारो या चार मैत्रिणी. लहानपणी रात्रीच्या अंधारात शपथा घेऊन स्वतःची टोळी बनवलेल्या, पुढे आयुष्यभर दारू, सिगारेटी, पोहणं, नाटकीपणा आणि कॅथलिक पापभावना यांच्यासकट एकत्र राहिलेल्या. त्यांचे बालपणीचे उद्योग भन्नाट आहेत. शर्ली टेंपल या बालतारकेसारखं दिसण्याच्या स्पर्धेचा बट्ट्याबोळ, १९३९ च्या डिसेंबरात ‘गॉन विथ द विंड’च्या पहिल्या खेळासाठी केलेली अटलांटाची वारी. ही प्रकरणं वाचताना मोठ्यानं हसू येतं.

पण पुस्तक व्हिव्हीचं नाही, तिच्या थोरल्या लेकीचं, सिडाचं आहे. सिडा नाट्यदिग्दर्शिका. एका मुलाखतीतून तिची आई मुलांना मारहाण करणारी होती असं छापून येतं, आई संबंध तोडते, आणि गांगरलेली सिडा स्वतःचं ठरलेलं लग्नही पुढे ढकलते. मग आईच्या मैत्रिणी मध्ये पडतात आणि त्यांच्या टोळीची जुनी चिकटवही सिडाच्या हाती येते. ती चाळताना तिला, आणि आपल्याला, आई कशी घडली ते कळत जातं.

इथे मैत्रीची किंमत कुणी मोजली हा प्रश्न सुटत नाही. चौघींची धमाल चालू असताना घरात मुलं होती. व्हिव्ही कोसळते तेव्हा पट्ट्याचे वळ त्यांच्या अंगावर उठतात. वेल्स हे झाकत नाहीत, आणि यासाठी त्यांना मानलं पाहिजे. माझी तक्रार आहे ती शेवटाबद्दल: समेट इतका मखमली आहे की मधल्या जखमा लिहिल्या कशाला असं वाटतं. त्यांच्या आधीच्या ‘लिटल आल्टर्स एव्हरीव्हेअर’ (१९९२) या पुस्तकात हेच कुटुंब जास्त खरखरीतपणे येतं.

आईशी स्वतःचं नातं नाजूक असेल तर हे पुस्तक जपून उघडा. नेमकं त्याच कारणासाठी काहींना ते फार जवळचं वाटतं, हेही खरं. अमेरिकेत वाचक बायकांनी स्वतःच्या या-या टोळ्या काढल्या होत्या, इतकं. त्या टोळ्या काढताना पट्ट्याचं प्रकरण कुणाच्या लक्षात होतं का, असा खवचट विचार माझ्या मनात येतो.

फ्रीशिया कोर्टच्या पाचजणी

‘अँग्री हाउसवाइव्ज’ची ओळख कमी वाक्यांत होते, आणि ते तिचं बलस्थान आहे आणि मर्यादाही. १९६८ च्या सुमाराला मिनेसोटात, एकाच गल्लीत राहणाऱ्या पाचजणी वाचनगट सुरू करतात. फेथ, ऑड्री, मेरिट, स्लिप आणि कारी. पुढची काही दशकं दर भेटीला एक पुस्तक, यजमानीण आळीपाळीनं. प्रकरणांच्या सुरुवातीला त्या वेळचं पुस्तक नोंदवलेलं, त्यामुळे व्हिएतनाम युद्ध, स्त्रीमुक्तीची चळवळ, बदलती घरं हे सगळं त्यांच्या वाचनासोबत सरकतं.

एकीचा नवरा तिला मारतो. एकीनं स्वतःचा सगळा भूतकाळ लपवलाय. एकीला वैधव्यानंतर अनपेक्षितपणे मूल मिळतं. कथनाची दोरी पाचही जणींकडे फिरते. त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही, आणि कुणी ओडेटसारखी मनात घरही करत नाही. विनोद टोमण्यांचा, शेजारच्या गप्पांचा. दूरचित्रवाणी मालिकेचे भाग पाहावेत तसं हे पुस्तक वाचलं जातं, आणि हे मी हिणवून म्हणत नाही. मध्ये चार दिवस खाली ठेवलं तरी धागा तुटत नाही. प्रवासात, दवाखान्यात कुणाच्या सोबतीला बसताना, किंवा मन फार थकलेलं असताना हेच घ्यावं. ज्यांचा वाचनगट आहे त्यांना तर आयतं खाद्य.

कुणी कोणती टाळावी

भेट म्हणून द्यायचं असेल तर आधी समोरच्या घरात काय चाललंय ते पाहा. उपचार चालू असलेल्या मैत्रिणीला ‘सुप्रीम्स’ द्यावी का? तिचा स्वभाव ओळखत असाल तरच. आजाराची चेष्टा करण्याचा हक्क फक्त आजारी माणसाला असतो आणि ओडेट तो पुरेपूर वापरते. काहींना यातून हुरूप येतो, काहींना तो विषयच नको असतो. ज्यांचं मूल गेलंय त्यांना मात्र हे पुस्तक न सांगता देऊ नये, बार्बरा जीनची प्रकरणं फार खोल जातात. मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेल्या बाईला ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ विलक्षण समाधान देऊ शकते, कारण तिथला मारकुटा नवरा सुटत नाही. ‘अँग्री हाउसवाइव्ज’मधल्या मेरिटचीही कथा त्याच वाटेची, पण तिथे वाट लांब आणि शांत आहे.

हसू दुय्यम आणि मैत्रीतली असूया, चढाओढ, तिचा चटका मुख्य हवा असेल तर या चारही बाजूला ठेवा आणि एलेना फेरांते यांच्या नेपल्समधल्या चार खंडांकडे वळा. ते इटालियनमध्ये २०११ ते २०१४ दरम्यान आले आणि ॲन गोल्डस्टीन यांचा इंग्रजी अनुवाद उत्तम आहे. छोटं आणि धारदार हवं तर टोनी मॉरिसन यांची ‘सुला’ (१९७३). दोन्हीकडे मायेची ऊब शोधायला जाऊ नका.

चित्रपट आणि पुढचे भाग

चारांतल्या तीन पुस्तकांवर चित्रपट निघालेत. ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’चा चित्रपट कॅथी बेट्स आणि जेसिका टँडी यांच्यासाठी जरूर पाहावा, पण पुस्तकानंतर. पटकथेत फॅनी फ्लॅग यांचा स्वतःचा हात होता, आणि तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. तरी पुस्तकातले बरेच कोपरे गुळगुळीत झालेत. ‘या-या’चा २००२ चा चित्रपट मात्र आधी पाहिला तरी चालेल. त्यात मैत्रिणी सिडाला गुंगीचं औषध देऊन उचलूनच आणतात, पुस्तकात असं काही नाही, त्यामुळे पुढचं काही फुटल्यासारखं होत नाही. मॅगी स्मिथची कारो बघायला मिळते हा नफा. ‘सुप्रीम्स’वरचा टीना मॅब्री दिग्दर्शित चित्रपट २०२४ मध्ये आला. ऑन्जनू एलिस-टेलर, उझो अडुबा आणि सना लेथन या तिघी जमल्यात चांगल्या, पण चित्रपटाला ओडेटचं मनातलं बोलणं पानासारखं उलगडता येत नाही आणि तेच तर आपल्याला हवं होतं.

पुढच्या भागांचं म्हणाल तर मूर यांचा ‘द सुप्रीम्स सिंग द हॅपी हार्टएक ब्लूज’ २०१७ मध्ये आणि फ्लॅग यांचा ‘द वंडर बॉय ऑफ व्हिसल स्टॉप’ २०२० मध्ये आला. मूर यांच्या दुसऱ्या भागात तिघींइतकंच लक्ष एका म्हाताऱ्या ब्लूज गायकावर आणि त्यानं मोडलेल्या संसारावर आहे, म्हणून टेबलाशी बसायला मिळतं ते कमी. फ्लॅग यांचा दुसरा भाग रूथच्या मुलाचा आहे. व्हिसल स्टॉपमधून पाय निघत नसेल तर घ्या, नाहीतर पहिलं पुस्तक पुन्हा काढून फक्त डॉट वीम्सची पत्रकं वाचा.